झपाटलेल्या घरातली दुपारची झोप

सदानंद बेलसरे गेल्याचं मला त्याच्या घरून कळलं नाही, वाहिनीच्या जाहिरातीवरून कळलं. तळेगावच्या माझ्या ऑफिसात मी एका कंपनीच्या लोणावळा सहलीचं सामान तपासत होते. पाण्याचे जार, औषधांची पेटी, वयस्कर साहेबांसाठी पाठ टेकायच्या खुर्च्या. तेवढ्यात मोबाइलवर एक चित्र येऊन पडलं. हनुवटीखालून टॉर्च मारलेला सदानंदचा हिरवट चेहरा आणि खाली ठळक अक्षरांत, ‘भुतांचा शोध घेणारा स्वतःच गूढात हरवला.’ मला वाटलं, मालिकेचं नवं पर्व येतंय. मी मोबाइल उलटा ठेवला आणि पुन्हा खुर्च्यांकडे वळले. चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असंही होतं, हे डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला… मग मी त्याच्या बायकोला, नीलाला, फोन लावला. ती अगदी कोरड्या आवाजात म्हणाली, “जेवला, पडला, चहाला हाक मारली तर उठला नाही. गूढ कसलं आलंय वंदना? हृदयाच्या गोळ्या चालू होत्या. डॉक्टरांनी चढ चढू नका सांगितलं होतं. ऐकलं का त्याने कधी?”

तर हे आधीच स्पष्ट लिहून टाकते. तो तळेगावात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर गेला. त्यात गूढ काहीही नाही.

त्याला जाऊन आता काही आठवडे झाले. मधल्या काळात वाहिनीने त्याच्या स्मरणार्थ मालिकेचे ‘गाजलेले भाग’ पुन्हा दाखवले, आठवडाभर, रोज एक. मालिकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आणखी एक फुकटची जाहिरात कशाला? ज्यांनी पाहिली त्यांना कळेलच. पछाडलेलं म्हणून ओळखलं जाणारं घर शोधायचं, तिथे कॅमेरे लावून रात्र काढायची आणि तिथे काय आहे ते शोधायचं, अशी ती मालिका. पहिली काही पर्वं तिची सगळी व्यवस्था माझ्याकडे होती. गाड्या, जेवणं, परवानग्या, जनरेटर, कोण कुठे किती वाजता पोचणार याचे कागद. त्यामुळे प्रत्येक भागात काय दाखवलं हे जसं प्रेक्षकांना माहीत आहे, तसं काय दाखवलं नाही हे मला माहीत आहे. स्मरणाच्या आठवड्यातला एकेक भाग मी वही-पेन्सिल घेऊन पाहिला. माझी सवयच तशी. शेवटच्या भागाला पेन्सिल खाली ठेवली.

सदानंद शाळेत विज्ञान शिकवायचा. निर्मात्याला पडद्यावर एक ‘तज्ज्ञ’ हवा होता. किडकिडीत, चष्मा लावणारा, केस पिकलेला, बोलायला लागला की खरं वाटावं असा. पहिल्या बैठकीत सदानंदने एकच प्रश्न विचारला, “भूत सापडलं नाही तर पुन्हा बोलवाल ना?” निर्माता मोठ्याने हसून म्हणाला, “सर, सापडलं नाही तरच बोलवू!” सगळे हसले. सदानंदही हसला. त्याने ते वाक्य खरं धरलं होतं, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

पहिला गाजलेला भाग तुंगार्लीचा. तळ्याच्या अंगाला एक बंगला होता, वर्षभर बंद, फक्त सुट्यांत वापरायचा. जेवणघरातल्या खुर्च्या आपोआप हलतात, अशी तक्रार होती. मी सकाळीच सामान घेऊन पोचले, तर हा माझ्या आधी हजर. काखेत एक लाल-हिरवी प्लास्टिकची चटई, बाजारात मिळते तसली साधी.

“सर, बाकीचे लोक संध्याकाळी येणार आहेत. तुम्ही तोवर काय करणार?”

“झोपणार.”

“इथे?”

“मग काय हॉटेलात? हॉटेलात भूत आहे असं तुमच्या कागदावर लिहिलंय का?”

आणि खरंच जेवणघराच्या मधोमध चटई टाकून तो आडवा झाला. पुढे प्रत्येक घरात त्याने हेच केलं. रात्रीच्या कॅमेऱ्यांवर त्याचा विश्वास नव्हता. म्हणायचा, “रात्री आपण घराकडे बघतच नाही वंदनाबाई, आपण आपल्या भीतीकडे बघतो. आणि घरंही रात्री जरा आगाऊपणा करतात. दुपारी घर जेवून पडलेलं असतं. त्याच्या शेजारी जाऊन आपणही पडायचं, मग ते कुठे कुरकुरतं ते कळतं.” मला तेव्हा हा शुद्ध आळशीपणा वाटला होता. पण मी माझ्या सामानाच्या यादीत ‘चटई (सरांची)’ अशी नोंद सुरू केली, कारण एकदा ती लोणावळ्यात विसरली तर माणूस दिवसभर बेचैन होता.

तुंगार्लीत त्याच्या पाठीला ते कळलं. शेजारच्या बंगल्याचा पंप बंद झाला की जमिनीखालच्या पाइपात पाणी आदळायचं आणि वरची फरशी थरथरायची. गुळगुळीत फरशीवरच्या हलक्या खुर्च्या तेवढ्याने सरकायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना त्या खुर्च्यांवर बसवलं आणि शेजाऱ्यांना पंप चालू-बंद करायला सांगितला. आमच्या कॅमेरामनची खुर्ची हलली तेव्हा तो जो ओरडला, तो प्रसंग आठवून आम्ही कितीतरी दिवस हसत होतो. कॅमेऱ्यात सगळं व्यवस्थित आलं होतं. पडद्यावर काय आलं? खुर्ची हलते, सूत्रसंचालक किंचाळतो, अंधार होतो. समाप्त. सदानंदने विचारलं तेव्हा निर्माता म्हणाला, “सर, लोक रात्री टीव्ही लावतात ते प्लंबिंग शिकायला नाही.” बंगल्याच्या मालकाने मात्र पेढे पाठवले. त्याच्याकडे शनिवार-रविवारसाठी तरुण मंडळींची रांग लागली, त्या जेवणघरात बसून जेवायला. सदानंद म्हणाला, “चला, कोणाचं नुकसान तर नाही झालं.” तेव्हा त्याला हसू येत होतं.

आंबीचा भाग दाखवला, त्यात ते हसू नाही. कारखान्याच्या एका शेडमध्ये रात्रपाळीच्या कामगारांना छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं, पांढरी बाई दिसायची. सदानंद दुपारी त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत चटई टाकून पडला आणि डोकं धरून बाहेर आला. जनरेटरचा धूर भिंतीच्या फटीतून थेट त्या खोलीत येत होता. त्याने कॅमेऱ्यासमोर फट दाखवली, धूर दाखवला, हे माणसं मारणारं आहे असं स्पष्ट म्हटलं. कारखान्याच्या मालकाने शूटिंगला जागा दिली होती, त्यामुळे यातला एक शब्दही दाखवला गेला नाही. पांढरी बाई दाखवली. ती आमच्याच सहायक दिग्दर्शिकेने केली होती. सदानंद दुसऱ्या दिवशी पदरमोड करून पुन्हा आंबीला गेला आणि कामगारांना बाजूला घेऊन त्यांचे बिछाने दुसऱ्या खोलीत हलवायला लावले. स्मरणाच्या आठवड्यात हा भाग ‘अंगावर काटा आणणारा’ म्हणून दाखवला. माझ्याही अंगावर आला.

आणि मग तिकोणा पेठ.

गडाच्या पायथ्याला, गावाच्या कडेला हौसामावशींचं घर आहे. नवरा गेलेला, मुलगा नोकरीसाठी भोसरीला. मावशींचं गावात एक काम ठरलेलं होतं. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचं. न्हाणीत पाटावर बसून पाय लांब सोडायचे, नडग्यांवर बाळ घ्यायचं, तेल, डाळीचं पीठ, ऊन पाणी, मग ओव्याची धुरी. गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली निम्मी माणसं लहानपणी त्यांच्या पायांवर न्हालेली. मिशी फुटलेल्या पोराला त्या भर रस्त्यात सांगायच्या, “लय ऐटीत नको चालू. माज्या पायावर किती येळा मुतलास ते इचार तुज्या आयला.” अशा बाईच्या घरातून संध्याकाळी तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू येतं, असं कोणीतरी आमच्या लोकांना कळवलं. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, “व्हय, येतो आवाज. मला वाटायचं मांजर हाय. या की, बगा तुमी. चा घ्या आदी.”

सदानंद त्यांच्या ओट्यावर चटई टाकून झोपला. दुपारी धरणाच्या पाण्यावरून वारा सुटला आणि रडणं सुरू झालं. तो उठलाच नाही. पडल्या पडल्या वर बघत मला म्हणाला, “भर उन्हात रडणारं भूत मी पहिल्यांदाच बघतोय.” घराच्या एका बाजूला आंबा, दुसऱ्या बाजूला फणस. दोघांच्या जाड फांद्या छपरावर एकमेकींवर टेकल्या होत्या, आणि वाऱ्यात घासल्या की अगदी तान्ह्या पोरासारख्या कण्हत होत्या. दुपारी पाखरांच्या आणि माणसांच्या आवाजात ते कोणी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी गाव शांत झालं की ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेरा लावून आमच्या लाइटवाल्याला शिडीवरून छपरावर चढवलं. मावशींनी जुन्या लुगड्याची लांब चिंधी फाडून वर दिली. त्याने ती दोन फांद्यांच्या मध्ये घट्ट गुंडाळली. वारा यायची वाट बघत आम्ही सगळे अंगणात उभे. वारा आला, पानं सळसळली… आणि आवाज नाही. मावशींनी थेट कॅमेऱ्याकडे बघून म्हटलं, “घ्या! निजलं बाळ!” आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की खाली बसल्या. त्या मालिकेच्या सगळ्या पर्वांत बोललं गेलेलं सगळ्यात चांगलं वाक्य ते. कोणीही ते कधी ऐकलं नाही.

त्याऐवजी काय दाखवलं ते सांगते. आदल्या संध्याकाळी सदानंदने सहज विचारलं होतं, “मावशी, बाळ पायावर धरता कसं? ते निसटत कसं नाही?” मावशींनी हौसेने न्हाणीत बसून, कपड्याचं एक गाठोडं पायांवर घेऊन, त्याला सगळं करून दाखवलं. डोकं कसं तोलायचं, कूस कशी बदलायची, पाणी हातावर घेऊन कसं सोडायचं. कॅमेरामनने ते टिपून ठेवलं. संकलनाच्या टेबलावर सदानंदचा आवाज काढला, त्याचा खांदा दिसत होता तो कापला, दृश्य संथ केलं, रंग काढून घेतला आणि त्यावर फांद्यांचं ते कण्हणं चढवलं. एक एकटी विधवा बाई, अंधाऱ्या न्हाणीत, पायांवरच्या कपड्याच्या गाठोड्याला न्हाऊ घालते आहे आणि बाळ रडतं आहे. भाग तिथेच संपतो. मी तो घरी माझ्या आईबरोबर पाहिला. आई म्हणाली, “बिचारीचं मूल गेलं असेल गं, डोक्यावर परिणाम झालाय.” माझ्या आईला तसं वाटलं, तर गावाला काय वाटलं असेल?

गावात भांडण झालं नाही, कोणी मावशींना एक शब्द बोललं नाही. फक्त बोलावणं बंद झालं. कोणाच्या सुनेला गरम पाणी सोसेनासं झालं, कोणाच्या डॉक्टरने मालिश नको सांगितलं, कोणी बाळंतपण थेट तळेगावातच उरकून बाळ महिन्याचं करून आणलं. शनिवार-रविवारी गडावर येणारी पोरं घरासमोर गाड्या थांबवायची, “तेच का हे?” विचारायची, आणि जाताना बाळाच्या रडण्याचे आवाज काढायची. मावशींनी शेवटी ती फांदी तोडूनच टाकायचं ठरवलं. तर टीव्हीवर दिसलेल्या त्या झाडाला कुऱ्हाड लावायला कोणी येईना.

सदानंद तो भाग पाहून दुसऱ्याच दिवशी निर्मात्याकडे गेला. मी सोबत होते. त्याने मावशींचं सकाळचं दृश्य मागितलं. तेवढंच दाखवा, बाकी काही नको. निर्माता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “सर, हा आपला सगळ्यात जास्त बघितलेला भाग आहे. अभिनंदन!” आणि सकाळचं चित्रण? डिस्क पुढच्या शूटिंगला लागणार होती, म्हणून पुसली होती. मी त्या दिवशी काम सोडलं. सदानंदने सोडलं नाही. इथून पुढचं मी त्याच्या तोंडावर बोललेली आहे, म्हणून आता लिहायला मला संकोच वाटत नाही.

“तू पडद्यावर आहेस म्हणून लोकांना ते खरं वाटतं, सदानंद. शाळेतले मास्तर सांगतायत म्हणजे असणारच, असं वाटतं. त्यांना भूत नको होतं, तुझा चष्मा हवा होता.”

“मी बाहेर पडलो तर उद्या दुसरा चष्मा आणतील. मी आत आहे तोवर निदान भांडता तरी येतं.”

“भांडून काय मिळवलंस?”

“नव्या करारात अट घातलीय. प्रत्येक भागाचा उलगडा दाखवायचा.”

त्याने मला तो करार दाखवला. अट खरंच होती. पुढे दोन शब्द होते, ‘वेळेच्या मर्यादेत’. त्यानंतरच्या एकाही भागात उलगडा वेळेच्या मर्यादेत बसला नाही. आणि तो दरवेळी पुढच्या भागाची वाट बघत राहिला. चांगल्या माणसांचा हा चिवट भाबडेपणा किती जणांच्या सोयीचा असतो, हे मी त्याच्याकडे बघून शिकले. राग त्यांचाही येतो आणि त्याचाही येतो. गेलेल्या माणसाचा राग येऊ नये म्हणतात. मला येतो.

आमचं बोलणं बरेच दिवस बंद होतं. मग एका रविवारी मी एक गट घेऊन तिकोण्याला गेले होते. उतरताना बघते, तर हौसामावशींच्या ओट्यावर, रस्त्यावरून सरळ दिसेल अशा जागी, लाल-हिरव्या चटईवर सदानंद झोपलेला. तोंड उघडं, चष्मा पोटावर, घोरणं फाटकापर्यंत ऐकू येत होतं. मावशी शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. मला बघून ओठांवर बोट ठेवून म्हणाल्या, “हळू बोला ताई, मास्तर झोपल्यात.” रस्त्याने जाणाऱ्या एका म्हाताऱ्याने मात्र मुद्दाम मोठ्याने हाक मारली, “काय मास्तर, आली का न्हाई बाळाची आई सपनात?” सदानंद डोळे न उघडता म्हणाला, “आली होती आबा. तुमचं घर कुठलं विचारत होती.” म्हातारा खो-खो हसत पुढे गेला.

उठल्यावर मी त्याला विचारलं, हे काय चाललंय? तो चष्मा पुसत म्हणाला, “जाहिरात करतोय. त्यांच्याकडे कॅमेरा आहे, माझ्याकडे चटई आहे. त्यांनी एकदाच दाखवलं. मी दर रविवारी दाखवतो. टीव्हीवरचा माणूस या घरात बिनघोर घोरतो, हे गावाने डोळ्यांनी बघायला हवं.” तेव्हा कळलं की जवळजवळ दर रविवारी तो एसटीने किंवा कोणाच्या मोटारसायकलवर मागे बसून तिथे यायचा, जेवायचा आणि झोपायचा. पावसाळ्याआधी कोणालातरी गोडीगुलाबीने छपरावर चढवून फांद्यांमधली कुजलेली चिंधी बदलून घ्यायचा. नीला वैतागायची, डॉक्टर वैतागायचे. पण हळूहळू फरक पडला होता. अंगणात पोरं पुन्हा खेळायला येऊ लागली. संध्याकाळी दोन-चार बाया ओट्यावर टेकू लागल्या. फक्त बाळ कोणी आणत नव्हतं.

आमची शेवटची भेट तिथेच झाली. मी पोचले तेव्हा तो जागा होता, चटईवर मांडी घालून बसला होता, आणि मला बघताच बातमी सांगून मोकळा झाला. शेजारच्या शांताबाईंची लेक, रेश्मा, बाळंतपणाला माहेरी आली होती आणि शांताबाईंनी स्वतः येऊन मावशींना सांगितलं होतं. “बारसं होईस्तोवर तुमीच बगा.” मावशींनी तेल काढून ठेवलं होतं, डाळ दळून आणली होती, न्हाणीतला दगडी काठ घासून काढला होता. सदानंद म्हणाला, “वंदनाबाई, आता एकच बाळ हवंय. एका बाळाच्या अंगावर मावशींच्या हातचं पाणी पडलं की सगळं गाव परत येईल बघा. मग मी रविवारी घरी झोपेन. नीलालाही बरं वाटेल.” त्याच्या बोलण्याला किंचित धाप लागत होती. मी म्हटलं, “आता तरी डॉक्टरांचं ऐक.” तो म्हणाला, “बाळ होऊ दे.”

बाळ झालं, मुलगा. पण त्याच्या आदल्याच आठवड्यात सदानंद गेला होता.

स्मरणाच्या आठवड्याचा शेवट वाहिनीने तिकोणा पेठेच्या भागाने केला. जुनाच भाग, तेच गाठोडं, तेच रडणं. पण शेवटी नवीन काही जोडलं होतं. कुठल्याशा गिर्यारोहकाच्या मोबाइलवरचं चित्रण त्यांनी मिळवलं होतं. ओट्यावर, चटईवर, तोंड उघडं टाकून निपचित पडलेला सदानंद. घोरण्याचा आवाज काढून टाकलेला. वर एक भारदस्त आवाज सांगत होता, “या शोधानंतर त्या घराने त्यांना सोडलं नाही. दर आठवड्याला कोणती शक्ती त्यांना तिथे ओढून नेत होती? आणि अखेर एका दुपारी ते झोपले… ते पुन्हा उठलेच नाहीत.” एकही वाक्य कायद्याने खोटं ठरणार नाही. तो कुठे झोपला होता, एवढंच सांगितलं नाही. ज्या झोपेने त्याने गावाची भीती काढली होती, तीच झोप त्यांनी पुरावा म्हणून लावली.

मी निर्मात्याला फोन केला. म्हणाला, “मॅडम, ही श्रद्धांजली आहे. तुम्ही सर्वांच्या आधी कौतुक करायला हवं.” मी म्हटलं, त्या बाईचं काय? तो म्हणाला, “आम्ही नाव कुठे घेतलंय त्यांचं?” आणि दुसरा फोन येतोय म्हणून ठेवून दिला.

गेल्या रविवारी मी तिकोणा पेठेला गेले. फाटकातच शांताबाई भेटल्या. मला बघून डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, “आमचं काय न्हाई ओ ताई. आमी मावशींना आज वळखतो का? माजी रेशमाच त्यांच्या पायावर वाढली. पन तिच्या सासूनं ते टीव्हीवर बगितलं. फोन करून म्हनली, त्या बाईचा हात लागला तर पोर न्यायला येनार न्हाई. आता लेकीचा संसार हाय…” त्यांना मी काय बोलणार? लेक त्यांची आहे. मी म्हटलं, “मास्तर वारले ते त्यांच्या घरी, शांताबाई. तळेगावला. हृदयाचा आजार होता.” त्या म्हणाल्या, “आमाला ठावं हाय ओ. आमाला ठावं असून काय व्हतंय?”

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. तेलाची वाटी झाकून कोनाड्यात ठेवलेली. छपरावर पाहिलं तर चिंधी जागच्या जागी, यंदाचीही त्याने बांधून घेतली होती. वारा होता तरी घर अगदी गप्प होतं. चटई आत खुंटीला टांगलेली, गुंडाळी करून सुतळीने बांधलेली, गाठ त्याचीच. मला गाठी सोडवायचा कंटाळा नाही, पण ती सोडवायला वेळ लागला. मी दुपारी कधी झोपत नाही. दुपारी माझी अर्धी कामं व्हायची असतात. ओट्यावर त्याच्या जागी, रस्त्यावरून दिसेल अशी चटई पसरली आणि आडवी झाले. फाटकासमोर दोन मोटारसायकली थांबल्या. मोबाइल वर झाले.

तेवढ्यात बाळ रडलं. शेजारून, शांताबाईंच्या न्हाणीतून. रेश्माचं बाळ. कोणीतरी त्याला न्हाऊ घालत होतं आणि ते जीव तोडून रडत होतं. मावशींचे पाय नकळत लांब झाले, हात नडग्यांवर आले. “पानी कडक झालंय,” त्या हळूच म्हणाल्या. थोडा वेळ ऐकून पुन्हा म्हणाल्या, “उतानं धरलंय त्येला. आदी पालथं घ्यावं, मंग न्हाई रडत…” रडणं चढतच गेलं. मला राहवेना, मी उठून बसायला लागले. मावशींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या हाताला तेलाचा वास होता.

“उटू नका ताई,” त्या म्हणाल्या. “रस्त्यावर मानसं बगत्यात. आत्ता उटला तर म्हनतील, रडनं ऐकून भ्याली.”

मी पडून राहिले.